मारमास्तर जागा बघायला जातात

मारमास्तरांनी आयुष्यभरात जितकी माणसं मारली, तितकी एखाद्या लढाईतही मरत नसतील. कुणाला तलवारीनं, कुणाला उशीनं तोंड दाबून, कुणाला माडीवरून खाली ढकलून. एका नाटकात तर पहिल्या अंकात दीर, दुसऱ्यात नवरा आणि तिसऱ्यात, आता राहिलंय कोण म्हणून, सासरा. पडदा पडला की ही सगळी मढी उठायची, अंगावरची धूळ झटकायची आणि चहा कुणी सांगितलाय याची चौकशी करायची. मास्तरांचं काम एवढंच, की आज मेलेला माणूस उद्याच्या प्रयोगाला धडधाकट हजर राहिला पाहिजे.

माणूस बुटका, छातीनं रुंद, दोन्ही गुडघे चालताना वाजणारे. खरं नाव होतं काहीतरी, पण ते पगाराच्या वेळीच लागायचं. नाटकमंडळीत ते मारमास्तर. नट नवखा असो की नावाजलेला, मारामारीच्या तालमीत त्याला आधी नुसतं पडायला शिकवायचे. हनुवटी छातीला, खांदा आधी, पाठ नंतर, डोकं कधीच नाही. "ज्याला पडता येत नाही त्यानं मारू नये," असं म्हणायचे. आणि त्यावर त्यांचा खास नियम.

"मारणारा कधी मारत नसतो. मारतो तो मार खाणारा."

ऐकणारा बुचकळ्यात पडे. मग मास्तर करून दाखवत. खलनायकानं नायिकेचे केस धरून तिला फरफटवायचं आहे ना? त्यानं नुसती मूठ वळून तिच्या डोक्यावर ठेवायची. त्याचं मनगट तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि स्वतःच्या पायांनी जायचं तिकडं जायचं. त्यानं फक्त तिच्यामागून ओढलं जायचं आणि चेहऱ्यावर राग ठेवायचा. थप्पड असेल तर हात गालाजवळून वारा घालत जाणार, आणि आवाज काढणार ती, पोटाजवळ टाळी वाजवून. लाथ असेल तर ती झेलायची तिच्या तळहातानं. आणि या सगळ्याच्या आधी मारणाऱ्यानं मार खाणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. त्यानं हनुवटी किंचित खाली केली की मगच हात सोडायचा. हनुवटी हलली नाही तर नाटक थांबलं तरी चालेल, प्रेक्षक हसले तरी चालेल, हात सोडायचा नाही. एका बड्या नटानं एकदा ही हनुवटी न बघता हात चालवला आणि समोरच्या पोरीच्या कानाचा पडदा फाटला. मास्तरांनी त्या नटाबरोबर पुन्हा काम केलं नाही, आणि तो बडा असल्यामुळे पुढं बरीच वर्षं त्यांनाच काम मिळालं नाही.

त्यांची लेक या तालमींतच वाढली. आई पेटी वाजवायची, ती लवकर गेली. पोर विंगेतल्या ट्रंकेवर झोपायची आणि जागी असली की बापाच्या हातात खेळायची. मास्तर तिला गरगर फिरवून फेकत आणि ती सुतळीच्या बाहुलीसारखी भिंतीवर आदळून खाली घसरे. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा. ती मात्र उठून म्हणायची, "नाना, पुन्हा." म्हणून तिचं नाव भिंगरी. नवे नट आले की मास्तर सांगत, "हिच्याकडून शिका. ही डोळे उघडे ठेवून मार खाते."

ही भिंगरी मोठी होऊन एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागली. कवळीचे साचे ओतायचे, अवजारं उकळायची, घाबरलेल्या पेशंटचा हात धरायचा. आणि लग्न केलं स्वतःच्या पसंतीनं. मुलगा घरसामान हलवायचा धंदा करणारा. दोन टेम्पो, हसरा चेहरा, कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन जिना चढणारा. मास्तरांना वाटलं, एवढं ओझं उचलणारा माणूस माझ्या पोरीलाही उचलून धरेल.

मास्तर तोवर म्हाताऱ्या कलावंतांच्या वसतिगृहात राहायला गेले होते. एक खाट, एक खुंटी, खिडकीत एक कुंडी. तिथं लेक भेटायला आली, ती गालावर पावडर थापून.

"हे काय गं?"

"दारावर आपटले, नाना."

मास्तरांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. उभ्या जन्मात त्यांनी शेकडो गालांवर वळ रंगवले होते. आधी निळा, वर जांभळा, कडेला पिवळ्याची पुसट बोटं. हा वळ डबीतला नव्हता.

"दाराला बोटं असतात होय?"

मास्तरांनी सहज तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, तर तिनं डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. हात तसाच हवेत राहिला. मास्तरांना वळापेक्षा ते जास्त लागलं.

ते जावयाला जाब विचारायला गेले. जावई गोदामात खोकी रचत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मास्तरांच्या छातीला तळवा लावून त्यांना खोक्यांवर ढकलून दिलं. वरची खोकी अंगावर आली. कुणाचं तरी काचसामान फुटलं.

"मास्तर, तुमचं मारणं खोटं, माझं खरं," तो हसून म्हणाला. "खोट्यानं खऱ्याच्या मध्ये पडू नये. आणि हे फुटलं ते तुमच्या नावावर लिहितो."

पुढच्याच आठवड्यात त्यानं भिंगरीचा हात दाराच्या फटीत धरून दार ढकललं. बोटं वाचली, नखं गेली. ती अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली आणि दवाखान्यातल्या मैत्रिणीकडे जाऊन राहिली. मैत्रीण चांगली होती, पण मैत्रिणीचा नवरा आता पाण्याचं बिल मोठ्यानं वाचायला लागला होता. वसतिगृहात बाईमाणसाला ठेवता येत नव्हतं. जागा हवी होती, आणि लगेच.

पण मागायची कुणाकडे? गावातला प्रत्येक दलाल जावयाला ओळखत होता. कोण घर सोडतंय, कोण कुठं चाललंय, यावरच त्याचा धंदा. दलालाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत जावई टेम्पो घेऊन हजर. वॉचमन, इस्त्रीवाले, कोपऱ्यावरचे टपरीवाले, सगळे त्याचे कान. राहिला तो मोबाईल.

दवाखाना सुटला की दोघं बागेतल्या बाकावर बसत. भिंगरी मोबाईल धरी, नखांवर पट्ट्या असल्यामुळे मास्तर बोट फिरवत. सुरुवातीला मास्तरांना वाटलं, काय सुंदर घरं आहेत लोकांची. मग हळूहळू मेकअप उतरायला लागला.

"हा सोफा आपण काल बघितला, नाना. नदीकाठच्या घरात होता."

"आज डोंगरावर गेलाय. सोफा हिंडतोय बिचारा."

एका घराचा मालक परदेशी होता. देवमाणूस असावा, भाडं निम्मं मागत होता. फक्त आधी अनामत पाठवायची, मग तो किल्ली कुरिअरनं पाठवणार होता. दुसऱ्या जाहिरातीत न्हाणीघराचा आरसा होता आणि आरशात फोटो काढणाऱ्याच्या मागं हॉटेलच्या खोलीचा नंबर दिसत होता. तिसरा मालक खरा निघाला, पण "एकटी बाई? मग येणारंजाणारं कोण?" असं विचारून हसला, आणि त्या हसण्यावर भिंगरीनं फोन ठेवला. चौथ्यानं तर जागा दाखवण्याचेच पैसे मागितले.

"तिकीट काढून घर बघायचं? नाटक तरी असतं का आत?" मास्तर म्हणाले.

होता होता दोघांनी आपले नियम ठरवले. फोटो आधी मोबाईललाच उलट दाखवून विचारायचं, हा आणखी कुठं दिसतो का. नकाशावर इमारत आहे का बघायचं. मालकाला फोनवर घर चालतं दाखवायला लावायचं. त्याला अवघड प्रश्न विचारायचा आणि तो अडखळतो का ते ऐकायचं. हा नियम मास्तरांचा. "पाठ केलेला माणूस अडखळत नाही, खरा माणूस अडखळतो." आणि शेवटचा: प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय छदाम द्यायचा नाही.

आणि मग ती जाहिरात आली. तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर. खाली लिहिलं होतं: "नळ गळतो, वायसर बदलून घ्यावा लागेल. दुपारी स्वयंपाकघरात ऊन फार. न्हाणीघराची कडी रेटल्याशिवाय लागत नाही. खालचा कुत्रा भुंकतो, चावत नाही."

भिंगरी वळ पडल्यापासून पहिल्यांदा हसली. "नाना, स्वतःच्या घराची इतकी निंदा कोण करतं?"

"खरा माणूस," मास्तर म्हणाले.

फोटो आणखी कुठंही नव्हते. इमारत नकाशावर होती. माणूस फोनवर अडखळला, "अं, एक मिनिट हं," म्हणाला, आणि गळका नळ चालता दाखवला. सगळ्या परीक्षांत पहिला नंबर. आपण विचारणार तेच प्रश्न शेकडो लोक विचारतात, आणि त्यांची उत्तरं कुणीतरी बसून बसवली असतील, हे दोघांच्याही मनात आलं नाही. जन्म नाटकात काढलेला माणूस खोट्या पडद्याला फसला नाही, खऱ्या नळाला फसला.

दुपारी दोघं गेली. कुत्रा खरंच भुंकला आणि चावला नाही. दार उघडणाऱ्याच्या गळ्यात टाय होता, पायांत चपला. आत आणखी एक होता, बैलासारख्या मानेचा, भिंतीला टेकून उभा. त्यानं नमस्कारही केला नाही.

"हा आमचा माणूस. बोलत नाही," टायवाला म्हणाला. "या, ऊन बघा. सांगितलं होतं ना, फार येतं?"

ऊन होतं. नळ गळत होता. भिंगरीनं न्हाणीघराची कडी रेटून बघितली, ती लागली. तिच्या चेहऱ्यावर आशा अशी पसरली, की मास्तरांनी मनात तिची खाट कुठं लागेल तेही ठरवून टाकलं. इतक्यात मागं बाहेरच्या दाराची कडी सरकल्याचा आवाज झाला. त्या न बोलणाऱ्यानं दार लावलं होतं.

टायवाल्यानं खिशातून घडीचा चाकू काढला, उघडला आणि त्याच्या टोकानं तो अंगठ्याचं नख साफ करायला लागला.

"काका, जागा पसंत आहे ना? मग अनामत देऊन टाकू. ताईंचा मोबाईल उघडायचा आणि खात्यात जेवढं आहे तेवढं पाठवायचं. कमी पडलं तर मैत्रिणींना फोन करायचे. आरडाओरड नको, शेजारी चांगले आहेत."

त्या खात्यात भिंगरीचा दुसरा जन्म होता. तिनं मोबाईल छातीशी धरला. बैलमान्या पुढं झाला, त्यानं तिचा पट्ट्या बांधलेला हात पकडला आणि पिरगळला. ती भिंतीशी खाली बसली.

मास्तर मध्ये पडले. मूठ वळली, डावा पाय पुढं आला, खांदा मागं गेला. अगदी नमुनेदार पवित्रा. आणि मग चाळीसएक वर्षांची सवय आडवी आली. मास्तरांनी बैलमान्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याची हनुवटी हलायची वाट बघितली.

हनुवटी काही हलली नाही. ठोसा आला. मास्तरांच्या नाकात काहीतरी वाळल्या काटकीसारखं मोडलं आणि ऊन, नळ, टाय सगळं लाल झालं. दुसरा ठोसा बरगडीत बसला. ते पडले, खांदा आधी, पाठ नंतर. वरून लाथ बसली. टायवाला हसत होता.

"काका, कुणाची वाट बघत होता हो?"

जमिनीवरून मास्तरांना लेक दिसली. भिंतीशी अंग चोरून बसलेली, डोळे मिटलेले. टायवाला चाकूची बोथट बाजू तिच्या गालावरून फिरवत होता, जुना वळ जिथं होता तिथंच. खऱ्या मारामारीत आपण पै किमतीचे नाही, हे मास्तरांना कळून चुकलं. जावई खरं बोलला होता. आपल्याला येतं ते फक्त खोटं.

मग खोटं तर खोटं.

ते उठले. नाकातून धार लागली होती. टायवाल्याला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं, जणू तो तिथं नव्हताच, आणि लेकीवर ओरडले. आवाज कसला, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू जावा असा.

"अवदसे. नवरा सोडलास, घर मोडलंस, आता माझं मढं बघायला इथं आणलंस होय?"

टायवाला गोंधळला. "अहो काका, हळू."

मास्तरांनी हात उगारला. आणि भिंगरीनं, जिनं लहानपणी भिंतींवर आदळून "पुन्हा" म्हटलं होतं, तिनं डोळे आणखी गच्च मिटले आणि हात डोक्यावर घेतले. त्या मिटल्या डोळ्यांपुढं हात सोडणं म्हणजे जावई होणं. मास्तरांना ते शक्यच नव्हतं.

"डोळे उघड," ते गरजले. "माझ्याकडे बघ. बघ म्हणतो ना."

ऐकणाऱ्या दोघांना वाटलं, काय क्रूर म्हातारा आहे. भिंगरीला त्या आवाजाच्या तळाशी दुसरंच काहीतरी ऐकू आलं. तिनं डोळे उघडले. समोर बापाचा रक्तानं माखलेला चेहरा होता, पण डावा पाय पुढं होता आणि तळवा खांद्याच्या उंचीवर, सैल, बोटं जुळलेली. ती ते बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. टायवाला काहीतरी बोलायला लागला. आणि तिची हनुवटी खाली आली.

थप्पड अशी वाजली की खालचा कुत्रा भुंकायला लागला. भिंगरी अर्धी खोली ओलांडून ओट्यावर आपटली, भांडी खळाळून खाली आली. मास्तरांनी तिचे केस धरले. तिनं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडलं आणि किंचाळत खोलीभर फरफटत निघाली, आणि कुठं जायचं ते आता तीच ठरवत होती. भिंत, कपाट, पुन्हा भिंत. प्रत्येक आदळण्याला तिचा एक हात सुटून तळवा भिंतीवर असा बसे की कवटी फुटल्याचा भास व्हावा. मास्तरांच्या नाकातलं खरं रक्त तिच्या तोंडावर, केसांवर, चुन्याच्या भिंतीवर उडत होतं. तिनं मनगट ओढून बापाला जवळ घेतलं आणि किंकाळीच्या पोटात पुटपुटली, "लाथ. दाराकडं."

मास्तरांनी पोटात लाथ घातली. तिनं ती झेलली आणि गडगडत दारावर जाऊन कोसळली. दार चौकटीत हादरलं. ती उठली, पुन्हा त्याच दारावर आपटली, पुन्हा.

"मारून टाकतो हिला," मास्तर आरडत होते. "मग तुम्ही घ्या काय घ्यायचं ते. प्रेताच्या बोटानं उघडा मोबाईल."

"अहो, असलं काही नाही बोललो आम्ही," टायवाला म्हणाला. चाकू त्यानं केव्हाच मिटला होता. "तुम्ही आधी तिला सोडा. काका. पोलीस येतील."

मास्तरांनी लेकीचा गळा धरला. म्हणजे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर टेकवले आणि अंगठे हवेत दाबले. भिंगरीनं डोळे फिरवले, टाचा जमिनीवर आपटल्या, घशातून असा आवाज काढला की तो मास्तरांनीही आधी कधी ऐकला नव्हता. क्षणभर तेही घाबरले आणि त्यांनी अंगठ्यांकडे बघून घेतलं.

"बास करा."

कुणाचा आवाज म्हणून टायवाल्यानं वळून बघितलं. बैलमान्या बोलला होता. भिंतीशी उभा होता, हात कानांवर घ्यावेत की नाही हे ठरत नसल्यासारखे अर्धवट वर. एवढा मोठा माणूस, पण चेहरा पलंगाखाली लपलेल्या मुलाचा झाला होता.

"बास करा, मरेल ती," तो म्हणाला, आणि त्यानं जाऊन कडी काढली.

दार उघडलं तर जिन्यात शेजारीण उभी. इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, वॉर्डात पेशंट उलटेपालटे करून खांदे कमावलेली बाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मिळालेली लोखंडी काठी हातात होती, पण टेकायला नव्हे. टायवाला आणि बैलमान्या तिच्या दोन्ही बाजूंनी जिना उतरून पळाले. तिनं त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. काठी मास्तरांच्या खांद्यावर बसली, मग पाठीवर, मग पुन्हा खांद्यावर.

"पोरीवर हात टाकतोस, म्हाताऱ्या? मसणात गवऱ्या गेल्या तरी रग जिरली नाही?"

"अहो बाई, थांबा," भिंगरी मध्ये आली. "हे माझे वडील. ते मला मारत नव्हते. नाटक होतं ते."

बाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा वळवला. गाल बघितला, दंडावरचे पिवळे पडलेले डाग बघितले, बोटांवरच्या पट्ट्या बघितल्या.

"हे आजचं नाही. हे महिन्याभराचं आहे," त्या म्हणाल्या. "हेही नाटकच का? पोरी, माझ्या वॉर्डात आलेली प्रत्येक जण असंच काहीतरी सांगायची. कुणी दारावर आपटलेली, कुणी न्हाणीघरात घसरलेली. नाटक मात्र आजच ऐकलं."

"शप्पथ सांगते, ते दोघं चोर होते. आम्ही मोबाईलवर जागा बघून आलो."

"जागा हवीय तुला?" बाईंनी काठी खाली केली. "माझी मागची खोली रिकामी आहे. मी ती कुठल्या मोबाईलवर टाकली नाही, कोण सोम्यागोम्या येईल म्हणून. तू राहा. भाड्याचं मागाहून बोलू. फक्त या माणसानं माझा उंबरा ओलांडायचा नाही. आणि तुझ्याकडे कुणीही पुरुष आला तर आधी मला सांगायचं."

भिंगरीनं पुन्हा तोंड उघडलं. सगळं पहिल्यापासून सांगायचं तिच्या मनात होतं. मास्तरांनी बाईंच्या उघड्या दाराकडे बघितलं. जाड लाकूड, आतून दोन अडसर, आणि पुढं ही बाई. याहून विश्वासाची जागा कुठल्या जाहिरातीत सापडणार होती?

"ती खोटं बोलतेय," मास्तर म्हणाले. "मीच मारतो तिला. सवय आहे मला."

"नाना," भिंगरी म्हणाली.

"तू गप्प बस. बाई सांगतात तसं कर."

पोलीस आले. चौकशीत कळलं, की ती जागा त्या दोघांनीही मोबाईलवरूनच थोड्या दिवसांसाठी घेतली होती. खरा मालक भाडं बुडालं म्हणून रडत होता. मास्तरांनी जबाब दिला, नाक बसवून घेतलं, आणि भिंगरीचं बोचकं तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवून परत फिरले.

भिंगरी तिथं रुजली. नखं परत आली. जेवताना ती बाईंना दर दोन दिवसांनी सगळी हकिगत सांगे आणि बाई म्हणत, "बरं, बरं, भाजी वाढून घे." मास्तर रविवारी समोरच्या फुटपाथवर येऊन उभे राहत. लेक खाली येई, दोघं कोपऱ्यापर्यंत फिरून येत. वर गॅलरीत काठी उभी असे.

जावयानं सगळीकडे शोधलं आणि शेवटी तो वसतिगृहात आला. दुपारची वेळ, अंगणात म्हातारे उन्हाला बसलेले. त्यानं फार विचारलं नाही. एकदाच म्हणाला, "पत्ता?" मास्तर म्हणाले, "नाही सांगत." मग त्यानं कपाट उचलणाऱ्या हातांनी मारायला सुरुवात केली. दात पडला. भुवई फुटून डोळ्यावर लोंबली. मास्तर पडत आणि तो त्यांना कॉलर धरून उभं करी आणि पुन्हा तेच विचारी. बाकावरच्या एका जुन्या राजापार्ट नटाला बिचाऱ्याला हल्ली काळवेळाचं भान नसे. त्याला वाटलं, तालीम रंगलीय. तो टाळ्या वाजवायला लागला, त्याचं बघून आणखी एकानं वाजवल्या. त्या टाळ्यांत जावयानं मास्तरांना शेवटचं जमिनीवर टाकलं. पडणं तेवढं बरोबर जमलं होतं. बाकी सगळं खरं होतं.

आचाऱ्यानं आणि माळ्यानं मिळून जावयाला धरून ठेवलं. या खेपेला साक्षीदार भरपूर होते, पोलीस त्याला घेऊन गेले.

मास्तर इस्पितळात गेले नाहीत. भुवईवर रुमाल दाबून ते चालत त्या इमारतीखाली आले. लेक डोळ्यांनी दिसली म्हणजे बस, एवढंच डोक्यात होतं. लेक कामावर होती. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर तिची वाट बघत बसले.

वरून काठी वाजत वाजत खाली आली. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

"भेटला म्हणायचा कुणीतरी तुला." मग परत वर गेल्या आणि कापूस, बाटली, पट्ट्या घेऊन खाली आल्या. हयातभर हेच केलेलं, हात थांबेना. "मान वर. हलू नकोस. झोंबू दे, झोंबायलाच पाहिजे. कुणी मारलं?"

"जावयानं."

"भलं होवो त्याचं." त्यांनी फाटलेली भुवई चिमटीत धरून जुळवली. "का मारलं?"

"पत्ता मागत होता."

"कुणाचा?"

मास्तरांनी जिन्यानं वर बघितलं. कापूस जखमेवर तसाच राहिला. बाईंनी भुवई बघितली, सुजलेला जबडा बघितला, गळ्यावरचे कॉलरचे वळ बघितले. त्यातलं काहीच आपल्या काठीचं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "दिलात?"

"नाही."

बाईंनी पट्टी दातांनी तोडली आणि चिकटवली, वरून अंगठ्यानं हलकेच दाबून बघितली. बाटलीचं बूच लावलं. काठीचा आधार घेत उठल्या, दोन पायऱ्या चढल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"ही उद्या बदलावी लागेल. वर या. जिन्यात बसून माझी कंबर धरते."

मास्तर बसूनच होते.

"आणि चपला बाहेर काढायच्या. पुसलेलं असतं घर."